चेहऱ्याच्या स्त्रीकरण शस्त्रक्रियेनंतरचा आरोग्यलाभ

चेहऱ्याच्या स्त्रीकरण शस्त्रक्रियेनंतरचा आरोग्यलाभ म्हणजे कपाळ, नाक, ओठ, जबडा, हनुवटी व कंठमणी यांपैकी एका वा अनेक ठिकाणी केलेल्या शस्त्रक्रियांनंतर जखमा भरून येणे, सूज उतरणे, संवेदना परतणे आणि बदललेल्या चेहऱ्याशी मनाची ओळख होणे, ही सर्व प्रक्रिया होय. ही शस्त्रक्रिया मुख्यतः पारलिंगी स्त्रिया करून घेतात. दैनंदिन व्यवहारात परतण्यास बहुधा दोन ते तीन आठवडे लागतात; अंतिम रूप दिसण्यास मात्र सहा महिने ते एक वर्ष, क्वचित त्याहूनही अधिक काळ जातो. या दोन मुदतींमधील अंतर आधी नीट समजावून सांगितले गेले नाही तर रुग्णाची निराशा होते.

पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्को येथील कवटी व चेहऱ्याचे शल्यचिकित्सक डग्लस औस्टरहाउट यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी या शस्त्रक्रियेचा पाया घातला. स्त्री व पुरुष यांच्या कवट्यांमधील फरकांचा अभ्यास करून कपाळाचा भुवईवरील उंचवटा कमी करण्याच्या पद्धती त्यांनी ठरवल्या. हा उंचवटा थोडाच असेल तर हाड घासून भागते. बहुतेकांच्या बाबतीत मात्र त्यामागे ललाटकोटर ही हवेची पोकळी असते. तेव्हा तिची पुढची भिंत काढून, तिला आकार देऊन, ती मागे बसवावी लागते व टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी वा तारांनी पक्की करावी लागते. शस्त्रक्रियेनंतरची अनेक पथ्ये समजण्यास एवढी शरीररचना ठाऊक असणे पुरेसे आहे.

‘स्त्रीकरण’ हा शब्द मराठीत थोडा यांत्रिक वाटतो. त्यातून कोणाला तरी स्त्री ‘बनवले’ जाते असा अर्थ ध्वनित होतो. ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या अनेकींची भावना तशी नसते. रूढ झालेला दुसरा शब्द नसल्याने येथे तोच वापरला आहे.

पहिले काही दिवस

शस्त्रक्रिया पूर्ण भुलीखाली होते आणि एकत्रित शस्त्रक्रियांना अनेक तास लागतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. पापण्या इतक्या फुगतात की काही काळ डोळे उघडणेही अवघड होते. काळेनिळे डाग कपाळावरून डोळ्यांखाली, गालांवर व गळ्यापर्यंत उतरतात. प्रकृती बिघडल्याचे हे लक्षण नव्हे. गुरुत्वाकर्षणाने रक्त खाली सरकत असते. पहिला आठवडा-दोन आठवडे उशांचा आधार घेऊन डोके उंच ठेवून झोपण्यास सांगतात. बर्फाचा शेक कापडातून आणि थोडा थोडा वेळ द्यावा लागतो, कारण त्वचा बधिर असल्याने बर्फाने ती पोळली तरी कळत नाही.

पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून लवकर उठून चालणे आवश्यक असते. नाकावरची कडक पट्टी साधारण आठवड्याने काढतात. त्वचेवरचे टाके वा धातूचे टाचे पाच ते चौदा दिवसांत निघतात. तोंडातील टाके बहुधा आपोआप विरघळतात.

एका बाजूची सूज अचानक वाढून घट्ट होणे, श्वास घेताना वा गिळताना त्रास होणे, ताप, जखमेतून पू, दृष्टीत बदल, किंवा नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्राव गळणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या नियोजित भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शेवटचे लक्षण विरळ असले तरी मेंदूभोवतालचा द्रव गळत असल्याची ती खूण असू शकते.

अवयवांनुसार

कपाळ. छेद केसांच्या रेषेवर किंवा थोडा मागे, केसांत घेतात. ललाटकोटराची भिंत बसवली असल्यास काही आठवडे नाक जोराने शिंकरू नये आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवावे, कारण दाबाने हवा त्वचेखाली शिरू शकते. डोक्याच्या पुढच्या भागाला बधिरता येते, कारण तेथे संवेदना पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंना ताण वा इजा पोहोचलेली असते. पुढे मुंग्या, खाज व विजेसारखे चमकारे जाणवू लागतात; ते बहुधा संवेदना परतत असल्याचे लक्षण असते. काही भागांत बधिरता कायमही राहते. छेदाजवळचे केस दोन-तीन महिन्यांनी गळू शकतात आणि अनेकींना त्याचीच सर्वाधिक धास्ती वाटते. शरीरावरील ताणामुळे झालेली ही गळती साधारणतः तात्पुरती असते.

जबडा व हनुवटी. येथे छेद बहुधा तोंडाच्या आतून असल्याने बाहेर व्रण दिसत नाही. त्याच कारणाने तोंडाची स्वच्छता हाच उपचाराचा गाभा ठरतो. प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरावी लागते. आरंभी पातळ व नंतर मऊ आहार घ्यावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी वेगळे काही शोधण्याची गरज नाही: पेज, वरणाचे पाणी, ताक, खिमट, मऊ खिचडी. फार गरम, तिखट व कुरकुरीत पदार्थ टाळावेत. खालचा ओठ व हनुवटी बधिर असल्याने घास ओठावरून ओघळला तरी कळत नाही. पहिले काही आठवडे आरसा समोर ठेवून जेवणे सोपे जाते. जबड्याची सूज सर्वांत हट्टी असते. काही काळ चेहरा शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही रुंद दिसतो.

नाक. टोकाची सूज वर्षभर हळूहळू उतरते. काही आठवडे चष्म्याचा भार नाकावर देऊ नये.

कंठमणी. थायरॉइड कूर्चेचा उंचवटा तासल्यावर काही दिवस घसा बसतो व गिळताना दुखते. या शस्त्रक्रियेने आवाज बारीक होत नाही, हे आवर्जून सांगायला हवे. कूर्चा प्रमाणाबाहेर तासली तर स्वरतंतूंचा आधार सुटून तो उलट कायमचा जाड होऊ शकतो.

मनःस्थिती

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेकींना तीव्र उदासी घेरते. भुलीचा व वेदनाशामकांचा परिणाम, झोपमोड, अपुरा आहार, एकटेपण आणि काही ठिकाणी शस्त्रक्रियेपूर्वी थांबवलेली संप्रेरके ही त्याची कारणे. त्यात आरशातला चेहरा ना जुना असतो ना अपेक्षित. ज्या चेहऱ्यासाठी वर्षानुवर्षे पैसा साठवला, कदाचित घरच्यांचा रोष पत्करला, तो सुजेखाली दडलेला असतो आणि ‘आपण चूक तर केली नाही ना’ हा प्रश्न छळू लागतो. या अवस्थेत निकालाचा न्याय करू नये, असे शल्यचिकित्सक आधीच बजावतात. रोज छायाचित्रे काढून तुलना करण्यापेक्षा महिन्याला एक काढणे बरे. उदासी लांबली किंवा जीव देण्याचे विचार आले तर मात्र धीर धरा एवढेच सांगून भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञाची मदत तत्काळ घ्यावी लागते.

दीर्घकालीन परिणामांविषयीचे चित्र आशादायक आहे. एन्सवर्थ व स्पीगेल यांच्या 2010 मधील अभ्यासात ही शस्त्रक्रिया झालेल्या पारलिंगी स्त्रियांची मानसिक आरोग्याविषयक जीवन-गुणवत्ता शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा चांगली आढळली.

घरची काळजी

पहिले काही दिवस सोबतीला एक विश्वासू माणूस असावे. औषधांच्या वेळा, केस धुणे, डोळे सुजलेले असताना स्नानगृहापर्यंत नेणे ही कामे एकटीने होत नाहीत. जिला घर सोडावे लागले आहे तिच्यासाठी हीच अट सर्वांत कठीण ठरते. मग मैत्रिणी किंवा समुदायातील गुरुबहिणी ती जबाबदारी उचलतात. धूम्रपान व तंबाखू शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर काही आठवडे पूर्ण बंद ठेवावे लागतात, कारण निकोटिनाने रक्तपुरवठा घटून जखमेची कड मरू शकते. मिश्री लावणाऱ्यांनाही हे लागू आहे, विशेषतः तोंडात टाके असताना. जखमेवर हळद, चुना वा कोणताही घरगुती लेप लावू नये. जोराचा व्यायाम व वाकून वजन उचलणे साधारण चार ते सहा आठवडे टाळतात. व्रणाला वर्षभर उन्हापासून जपतात.

भारतातील स्थिती

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात पारलिंगी व्यक्तींच्या लिंगओळखीच्या हक्काला मान्यता दिली. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्यात लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार व त्यांच्या खर्चासाठी विमा यांची तरतूद करण्यात आली. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा त्यात नावाने उल्लेख नाही आणि ती ‘सौंदर्यवर्धक’ मानून खर्च नाकारला जाण्याचा धोका असतो. पारलिंगी आरोग्यविषयक जागतिक व्यावसायिक संघटनेच्या 2022 मधील आठव्या मार्गदर्शक आवृत्तीत मात्र ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांत गणली आहे.