डिंकाला नावे कोणी ठेवली?



थंडी पडली की घरोघरी डिंक निघतो. लाडवांची कृती मी तुम्हाला सांगायला नको. पण मी कॉमर्सची, मला वस्तूच्या आधी बिलावरचे नाव दिसते. डिंकाच्या व्यापारात गंमत अशी की बरीच नावे झाडावरून पडलीच नाहीत. माल ज्या वाटेने आला, त्या वाटेवरून पडली.

जगाच्या बाजारातला 'गम अरेबिक' मुख्यतः आफ्रिकेचा. सुदानच्या कोर्दोफान भागातला, आपल्या बाभळीच्या भाऊबंदांचा. अरब व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात गेला म्हणून अरबी झाला. मुंबईची कथा तर त्याहून न्यारी. एकोणिसाव्या शतकात एडन आणि तांबड्या समुद्राकडचा डिंक मुंबईत उतरे. इथे तो साफ होई, निवडला जाई आणि पुढे लंडनला 'ईस्ट इंडिया' डिंक म्हणून जाई. झाड आफ्रिकेचे, नाव अरबस्तानचे, शिक्का हिंदुस्थानचा!

बाळंतिणीच्या लाडवांत मानाचा तो आपला धावड्याचा डिंक. त्याला व्यापारात 'गम घाटी' म्हणतात, कारण तो डोंगरातल्या घाटवाटांनी बंदरावर येई. मुंबईत 'घाटी' म्हणून माणसांना हिणवतात, आणि तोच शब्द परदेशातल्या कारखान्यांच्या कागदांवर मानाने बसला आहे.

एवढा डिंक लागे कशाला? कापडावरच्या छपाईचे रंग घट्ट करायला, पाकिटे चिकटवायला, औषधांना, मिठायांना, शाईला. सुदानात 1881 मध्ये महदीचे बंड उठले आणि 1898 पर्यंत तिथला व्यापार विस्कटला, तेव्हा माल आटला आणि भाव चढले. पुढे 1997 मध्ये अमेरिकेने सुदानवर निर्बंध घातले, पण डिंकाला वाट मोकळी ठेवली. थंड पेयांचे कारखाने त्याच्यावाचून अडतात ना! तत्त्वापेक्षा गरज मोठी, हे व्यापारात नवे नाही.

शाईशी तर आपले जुने नाते. मुनी पुण्यविजयजींनी जैन लेखनकलेवर लिहिताना शाईच्या जुन्या कृती नोंदवल्या आहेत. काजळ, डिंक आणि बिजाबोळ एकत्र घोटत. काजळाला कागदावर धरून ठेवतो तो डिंक. भांडारांतली शास्त्रे आज वाचता येतात, त्यात त्याचाही वाटा आहे.

आता आपल्या कामाचे. पाकिटावर नावाऐवजी नुसते आकडे असतात. 414 म्हणजे गम अरेबिक, 419 म्हणजे धावड्याचा, 416 कांडोळाचा. हे तिन्ही झाडाचे. पण 904 दिसले तर थांबा. ती लाख. चॉकलेट-गोळ्यांवर चकाकी आणायला वापरतात. मिळते झाडावरच, म्हणून पुष्कळजणी तिला डिंकाची बहीण समजतात, पण ती किड्यांपासून होते. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार आहे, तो उगाच नाही.

आणि सुटा डिंक घेतलात तर एक खडा पाण्यात भिजवून ठेवा. पूर्ण विरघळला तर बाभळीचा. थोडा विरघळून बाकीचा चिकट गोळा उरला तर धावड्याचा असावा. नुसताच फुगून जेलीसारखा झाला, तर तो कतिरा किंवा कांडोळ. तो सरबताला ठेवा, तुपात टाकून फुलायची वाट बघू नका.