सीताबर्डी १८१७ : राजाच्या खर्चाने पोसलेली फौज राजावरच उलटली

१/ नागपूरच्या रेल्वे स्थानकाजवळ सीताबर्डीच्या दोन टेकड्या आहेत. एक मोठी, एक लहान. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी याच टेकड्यांवर नागपूरकर भोसल्यांच्या स्वतंत्र सत्तेचा निकाल लागला. त्या पराभवाची बीजे मात्र दीड वर्ष आधी एका कागदावर पेरली गेली होती.

२/ मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी भोसले निवर्तले. त्यांनी हयातभर इंग्रजांची तैनाती फौज नाकारली होती. पुत्र परसोजी दुर्बल असल्याने कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांच्या हाती आला. दरबारातील विरोधकांवर मात करण्यासाठी त्यांनी मे १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह केला.

३/ तैनाती फौज म्हणजे काय? फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च मात्र संस्थानाचा. निजामाने १७९८ मध्ये आणि पेशव्याने १८०२ मध्ये वसईला हेच जोखड स्वीकारले होते.

४/ फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मृतावस्थेत आढळले. संशय आप्पासाहेबांवर गेला, पण गादीही त्यांनाच मिळाली. राजा होताच तहाचा काच त्यांना जाणवू लागला आणि बाजीराव पेशव्याशी गुप्त संधान सुरू झाले.

५/ ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागले. तरीही २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्याकडून आलेली मानाची वस्त्रे जाहीरपणे स्वीकारली. ज्याच्या नावाने ती आली, तो पेशवा तोवर पुणे सोडून पळत होता.

६/ रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने तत्काळ फौज टेकड्यांवर आणली. लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम चौदाशे लोक होते. बहुतेक मद्रासी शिपाई आणि बंगालचे घोडेस्वार. समोर भोसल्यांची सुमारे अठरा हजारांची फौज आणि ३६ तोफा. त्या फौजेचा कणा होते अरब शिपाई.

७/ २६ च्या संध्याकाळी तोफा धडाडल्या. रात्रभर मारा चालला. सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली. आता मोठी टेकडी त्यांच्या माऱ्यात आली. त्याच क्षणी कॅप्टन फिट्झगेराल्डच्या मूठभर स्वारांनी मैदानातील भोसल्यांच्या घोडदळावर झडप घालून तोफा काबीज केल्या. शिपायांना धीर आला आणि लहान टेकडी परत गेली. दुपारपर्यंत लढाई संपली. कंपनीचे ३६७ लोक मृत वा जखमी झाले.

८/ संख्या राजाकडे होती. एकमुखी नेतृत्व नव्हते. लढाई हरताच आप्पासाहेबांनी रेसिडेंटकडे खेद कळवला. नवी कुमक आल्यावर १६ डिसेंबरला ते इंग्रजांच्या छावणीत हजर झाले. जानेवारी १८१८ च्या तहाने गाविलगड, नरनाळा आणि नर्मदेकाठचा मुलूख गेला. पुढे ते कैद झाले, निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या साथीने झुंजले आणि १८४० मध्ये जोधपूरला परागंदा अवस्थेतच वारले.

९/ गादीवर बसवलेले तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मानही सरला.

१०/ युद्धानंतर इंग्रजांनी भक्कम केलेला सीताबर्डीचा किल्ला आज भारतीय सैन्याच्या ताब्यात आहे. वर्षातील मोजकेच राष्ट्रीय दिवस तो जनतेसाठी उघडतो. तटावरून शहर पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्या दिवशी दोन्ही बाजूंनी मेलेल्यांत इंग्रज थोडेच होते. साम्राज्य जिंकले गेले ते इथल्याच माणसांच्या बळावर आणि इथल्याच खजिन्याच्या खर्चाने.