श्वासाच्या अंमलाखालचे अरण्य

आभासी वास्तव आज कलेचे एक अंग म्हणून मिरवत असले, तरी त्याचे बालपण कलावंतांच्या घरी गेलेले नाही. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी छताला टांगून सिद्ध केलेले शिरस्त्राण पुढे वैमानिकांच्या तालमीत आणि करमणुकीच्या खेळांत रुळले. त्यात डोके घालणाऱ्याने हातातील दांडी फिरवावी, नेम धरावा आणि समोर येईल ते उडवावे, अशीच वहिवाट तेथे पडली.

ती मोडण्याची तजवीज कॅनडातील शार डेव्हिस यांनी केली. मूळच्या त्या चित्रकार, आणि दृष्टी फार अधू. चष्मा उतरवला की वस्तूंच्या कडा विरून सारे एकमेकांत मिसळे, आणि हे वैगुण्य दडविण्याऐवजी त्यांनी त्यालाच चित्रविषय केले. सपाट कॅनव्हासावर ते अवकाश मावेना, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्या माँट्रियलच्या सॉफ्टइमेज या नव्या कंपनीत दाखल झाल्या. ज्या कंपनीच्या आज्ञावलीने पुढे ‘जुरासिक पार्क’मधील डायनोसॉर चालवले, तिच्याच आश्रयाने या बाईंनी एक झाड आणि एक तळे उभे केले, ही गोष्ट मला तरी तिच्या साऱ्या जमाखर्चाहून मोलाची वाटते.

१९९५ साली माँट्रियलच्या समकालीन कला-संग्रहालयात मांडलेल्या त्यांच्या ‘ऑस्मोज’ या कृतीत दांडी नव्हती, हातमोजा नव्हता. होती ती छातीला आवळून बसणारी, श्वास मोजणारी एक बंडी. श्वास घेतला की माणूस हळूहळू वर तरंगे, सोडला की खाली उतरे, आणि अंग कलते करील त्या दिशेस सरके. पूरक-रेचक आपल्याकडे नाकपुडी धरून बसणाऱ्यांस नवे नाहीत. परंतु डेव्हिसबाईंनी ही युक्ती योगशास्त्रातून नव्हे, तर समुद्रात बुडी मारण्याच्या आपल्या छंदातून उचलली होती. प्रथम नुसत्या रेघांची जाळी दिसे. मग ती विरून अरण्यातील मोकळी जागा, तिच्यातील अर्धपारदर्शक वृक्ष, त्याचे पान, भूगर्भातील मुळे. आणि सर्वांच्या तळाशी ही सृष्टी चालविणाऱ्या आज्ञावलीच्या हिरव्या ओळी.

एका वेळी एकाच माणसास आत प्रवेश. बाकीचे अंधाऱ्या दालनात बसून एका पडद्यावर त्याला दिसणारी दृश्ये पाहत, दुसऱ्यावर त्याची छाया: हात पसरलेले, मान मागे गेलेली, कंबरेतून किंचित वाकलेली, जणू पाण्यात सोडलेली.

पंधरा मिनिटांची मुदत भरत आली की सारे अरण्य एका गोळ्यात मिटून दूर दूर जाऊ लागे. आणि आतला मनुष्य कितीही दीर्घ श्वास घेऊन त्याच्या मागे जाऊ पाहो, तेथे मात्र त्याच्या श्वासाचा हुकूम चालत नसे.