मुसळ, मर्म आणि खांदा

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसवले. त्यानंतर १६८ वर्षे जगातल्या कोणत्याही वैद्याला जिवंत माणसाचे हाड कातडीआडून पाहता येत नव्हते. विल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरण गवसले ते १८९५ च्या नोव्हेंबरात. तोवर मोडलेल्या खांद्याची परीक्षा हे सर्वस्वी बोटांचे आणि कानांचे काम होते.

या कामाचे शास्त्र सुश्रुतसंहितेत आहे. जयपूरच्या, १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद संस्थानात शल्यतंत्राचे विद्यार्थी ते आजही अभ्यासतात. निखळलेल्या खांद्यावरचा त्यातील उपाय मोठा रोखठोक आहे: काखेत मुसळ घालून ती वर उचलावी आणि सांधा जागी बसला की स्वस्तिकबंध बांधावा. हासळी दबली असेल तर शेकून मुसळानेच उचलावी, वर आली असेल तर दाबावी. कांडणाचे मुसळ शल्यकर्मात आले याचे नवल नको. ग्रीसमधील हिपोक्रेटिसाच्या परंपरेलाही ही रीत ठाऊक होती.

खरी गोम शारीरस्थानात आहे. छाती आणि काख यांच्या मध्ये सुश्रुत कक्षधर नावाचे मर्म सांगतो. ते दुखावले तर हात लुळा पडतो. म्हणजे मुसळ टेकवायचे त्याच्या लगतच ही धोक्याची जागा. हाताकडे जाणारी मुख्य रोहिणी आणि मज्जातंतूंचे जाळे तेथूनच जाते, असे आजचे शरीरशास्त्र सांगते. सांधा नुसता निखळला असेल तर ओढल्याने तो बसतो. पण दंडाच्या हाडाची मान मोडली असेल तर त्याच ओढण्याने तुटलेले टोक तेथे रुतू शकते. सुजलेल्या खांद्यात बाहेरून हा भेद सहज कळत नाही. म्हणूनच निदानस्थानातील एक खूण मोलाची ठरते: हाड मोडले असेल तर दाबल्यावर आवाज येतो. त्या आवाजावर रोग्याचा हात अवलंबून असे.

पुढची शुश्रूषा धीराची होती. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या लावून बांधायचे. बंध थंडीत सात दिवसांनी, सौम्य ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडायचा. जयपूरच्या वैशाखात या तीन दिवसांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळला तर सूज येते, पू होतो. तरुणाचा सांधा महिन्यात, मध्यमवयीनाचा दोन महिन्यांत आणि वृद्धाचा तीन महिन्यांत स्थिरावतो.

महाराष्ट्रात तालमींच्या आसऱ्याने वाढलेल्या हाडवैद्यांनी ही विद्या पोथीवाचून, हातातून हातात घेतली. आणि क्ष-किरण आल्यावरही, मोडलेल्या हासळीसाठी आठच्या आकड्याचा बंध विसाव्या शतकातील रुग्णालयांत बांधला जातच राहिला.