तेराव्याला जमलेले घर

घरातले कर्ते माणूस जाते, दूरदूरची भावंडे एका छपराखाली जमतात आणि तेरा दिवसांच्या सुतकात वर्षानुवर्षे गिळलेले शब्द बाहेर पडतात. गेल्या काही वर्षांत ही गोष्ट चित्रपटांना फार जवळची झाली आहे. तिचा माग काढत आपण मागे जाऊ लागलो की वाल्मीकींच्या अयोध्याकांडापाशी पोचतो. दशरथ मरतो तेव्हा चार मुलांपैकी एकही जवळ नाही. राम आणि लक्ष्मण वनात, भरत आणि शत्रुघ्न आजोळी केकय देशात. मुलगा येईपर्यंत देह टिकावा म्हणून तो तेलाच्या द्रोणीत ठेवला जातो. भरत येतो, आईने काय केले ते ऐकून तिच्यावर तुटून पडतो, बापाचे दिवस करतो. तेराव्या दिवशी तो अस्थी गोळा करायला चितेच्या जागी जातो आणि तिथे कोसळून रडतो. चौदाव्या दिवशी सकाळी लोक त्याला गादीवर बसायला सांगतात. तो गादी नाकारून सगळे घर घेऊन चित्रकूटाकडे निघतो. तिथे रामाला वडील गेल्याची बातमी कळते आणि तो इंगुदीच्या पेंडीचा पिंड देतो. पुढे भावाभावांत वाद रंगतो तो राज्य कोणी घ्यावे याचा नव्हे, कोणी सोडावे याचा. जाबाली बोलतो, वसिष्ठ बोलतात. ज्या बाईच्या दोन वरांमुळे हे सारे घडले ती कैकेयी मात्र या सभेत गप्प आहे.

या मौनाला तडा गेला तो अध्यात्मरामायणात. तिथे चित्रकूटावर कैकेयी एकांतात रामापुढे रडते, क्षमा मागते. पण देवांनीच तिच्या तोंडून ते वदवले होते असे सांगून राम तिची सुटका करतो, त्यामुळे अपराधही तिचा उरत नाही. सोळाव्या शतकात तुलसीदासांनी चित्रकूटाचा प्रसंग अपार मायेने फुलवला. त्यांची कैकेयी मनात जळते, धरणीने पोटात घ्यावे असे तिला वाटते; चारचौघांत मात्र ती बोलत नाही.

ते बोलणे व्हायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते झाले बुंदेलखंडातल्या चिरगावात.  झाशीपासून कानपूरच्या रस्त्याला सुमारे तीस किलोमीटरवर हे गाव आहे. गावाचा इतिहासही घर फुटण्याचाच. बडागावच्या दिवाण रायसिंहाने आपली जहागीर आठ मुलांत वाटली, त्या ‘हश्तभैया’ जहागिरींपैकी चिरगाव ही एक. १८४१ मध्ये इथल्या बुंदेल्या जहागीरदाराने इंग्रजांशी झुंज घेतली आणि जहागीर खालसा झाली. याच गावी ३ ऑगस्ट १८८६ रोजी हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त जन्मले. त्यांना घडवणारे महावीरप्रसाद द्विवेदी एकेकाळी झाशीलाच रेल्वेत नोकरीला होते. १९०३ पासून त्यांनी ‘सरस्वती’ मासिकाचे संपादन हाती घेतले. रवींद्रनाथांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या लेखात कवींनी विसरलेल्या स्त्रियांची आठवण काढली होती. तोच धागा धरून १९०८ मध्ये द्विवेदींनी भुजंगभूषण भट्टाचार्य हे टोपणनाव घेऊन ‘सरस्वती’त लक्ष्मणाची बायको ऊर्मिला हिच्याविषयी लेख लिहिला: नवरा भावामागे वनात गेला, त्या बाईकडे एकाही कवीने वळून पाहू नये? गुप्तांनी ते आव्हान मनाला लावून घेतले. बरीच वर्षे लागली. अखेर १९३१ च्या सुमारास बारा सर्गांचे ‘साकेत’ पुरे झाले आणि चिरगावच्याच साहित्य-सदनाने ते प्रसिद्ध केले.

‘साकेत’ ऊर्मिलेचे काव्य म्हणून ओळखले जाते. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी १९३२ मध्ये गुप्तांना पत्र लिहिले तेही तिच्या विलापाबद्दल; तो त्यांना जास्त वाटला होता. मला मात्र या काव्याचा कणा आठव्या सर्गात दिसतो. चित्रकूटावर रात्रीची सभा बसली आहे. भरत स्वतःला दोष देत उन्मळून पडतो, आणि सगळ्यांसमोर कैकेयी उभी राहते. ती दासी मंथरेवर ढकलत नाही, देवांवर ढकलत नाही. पोटच्या पोरालाही मी ओळखले नाही, युगानुयुगे लोक मला नावे ठेवतील आणि ती मी ऐकून घेईन, पण तू घरी चल, असे ती रामाला म्हणते. सभा तिला धिक्कारत नाही. भरतासारखा मुलगा जिच्या पोटी जन्मला ती आई धन्य, असा घोष उठतो. त्याच सर्गात सीता काहीतरी निमित्त काढून लक्ष्मणाला एका झोपडीत पाठवते आणि तिथे ऊर्मिला असते. शोकासाठी जमलेल्या गर्दीत नवरा-बायकोला दोन क्षण मिळवून देणारी ही जाऊ मला फार मोठी वाटते.

यानंतर ही गोष्ट पडद्यावर आली. १९४२ मध्ये प्रकाश पिक्चर्ससाठी विजय भट्टांनी हिंदीत ‘भरत मिलाप’ आणि मराठीत ‘भरत भेट’ केला. शाहू मोडक भरत, दुर्गा खोटे कैकेयी. पुढे १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण घरोघरी ऐकले गेले. त्यात राम भरताची समजूत घालतो ती दैवगतीचा हवाला देऊन: दोष ना आईचा, ना वडिलांचा. ते गीत महाराष्ट्राच्या मनात कायमचे बसले, आणि योग्यच झाले. पण कैकेयीला स्वतःचा अपराध स्वतः उचलू देणारे चिरगावचे वळण मला अधिक धाडसाचे वाटते.

मराठीत ते धाडस १९८५ मध्ये गद्यात उतरले. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांनी रंगमंचावर आणले. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी गेले आहेत, त्यांचा मुंबईचा मुलगा सुधीर बायको अंजलीसह आला आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे. इथे कोणी राज्य सोडत नाही. तेराव्याचा खर्च कुणी करायचा आणि दागिने कुणाकडे जायचे, यावर घर पणाला लागते. सभा ऋषींची राहिलेली नाही, ती माजघरात आणि ओसरीवर भरते, म्हणून आई, वहिनी, अंजली आणि शिकायचे राहून गेलेली प्रभा यांचे बोलणे नाटकभर ऐकू येते. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांसह तिन्ही नाटके सलग सादर केली.

२०१६ मध्ये राजेश मापुसकरांच्या ‘व्हेंटिलेटर’ चित्रपटाने काळच मागे ओढला. गणपती तोंडावर आलेले असताना कोकणातले कामेरकर कुटुंब इस्पितळात गोळा होते, गजाकाकांचा श्वास यंत्रावर चालू असतानाच. द्रोणीतल्या तेलाने देह राखला होता, या यंत्राने बाप-लेकाच्या हिशेबाला मुदत दिली. मापुसकरांना त्यासाठी उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि जानेवारी २०२१ मध्ये सीमा पाहवांचा ‘रामप्रसाद की तेरहवी’ प्रदर्शित झाला, तो पुन्हा अयोध्या-चिरगावच्याच उत्तर प्रदेशातल्या एका घरात शिरला. नातेवाइकांनी घर भरले आहे, मुले वडिलांच्या कर्जाचा हिशेब मांडत आहेत, आणि ज्या अम्माचा नवरा गेला आहे तिच्याजवळ बसायला कुणाला सवड नाही.