म्होरकी धरणारा हात

माउली, रिंगण पाहिले नाही असा वारकरी विरळा. चांदोबाचा लिंब असो, खुडूस असो की बाजीरावाची विहीर असो, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोहोचतो, पताका डोलू लागतात आणि सगळे डोळे एका वाटेकडे लागतात. आधी जरीपटका घेतलेल्या स्वाराचा अश्व धावतो. मागून माउलींचा अश्व येतो. त्याच्या पाठीवर कोणी नाही, आणि तरी ती पाठ रिकामी आहे असे आपल्यापैकी एकालाही वाटत नाही. तो स्वाराच्या अश्वाला गाठतो, पुढे निघतो, आणि आपण टापांखालची माती कपाळी लावतो.

हे सारे आपण पाहतो. न पाहिलेले एक राहून जाते. रिंगण सुरू होण्याआधी आणि संपल्यावर त्या अश्वाच्या खांद्याशी एक माणूस चालत असतो. त्याच्या हाती एक दोर असतो. आयुष्यभर कीर्तनात मी अश्वाचे वर्णन केले, पण त्या दोराविषयी कधी बोललो नाही. आता गळा थकला आहे, म्हणून लिहितो.

आधी थोडा इतिहास आठवू. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ.स. १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका पुढे पुष्कळ वर्षे एकाच सोहळ्यात पंढरीला जात होत्या. माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला तो हैबतबाबा आरफळकरांनी, इ.स. १८३२ च्या सुमारास. बाबा सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. घरी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना कोंडून ठेवले, तिथे त्यांनी हरिपाठाचा धावा केला, सुटका झाली आणि ते घरी न थांबता आळंदीला माउलींच्या पायाशी येऊन राहिले, असे आपली परंपरा सांगते. सोहळ्याला घोडे आणि तंबू हवे होते. ते दिले कृष्णाकाठच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी. तो मान आजही त्यांच्या घराण्याकडे आहे. दरवर्षी अंकलीहून दोन अश्व निघतात आणि सुमारे तीनशे किलोमीटर पायी चालत आळंदीला येतात.

आता काळाकडे लक्ष द्या. पेशवाई १८१८ साली बुडाली. म्हणजे मराठ्यांचे घोडदळ मोडून जेमतेम चौदा वर्षे झाली होती. ज्या घोड्यांनी लढाया पाहिल्या त्यांच्या पागा ओस पडल्या होत्या. अशा वेळी एका लष्करी माणसाने नगारा, तंबू, शिस्त आणि घोडा हे सगळे उचलले आणि विठ्ठलाच्या वाटेला लावले. लढाईच्या घोड्याला स्वार लागतो. स्वाराची टाच, मांडीचा दाब आणि तोंडातला लगाम यांवर तो चालतो. माउलींच्या अश्वावर मात्र माणूस बसणार नाही असे ठरले. म्हणजे टाच गेली, मांडी गेली. उरला तो बाजूने चालणारा एक माणूस आणि त्याच्या हातातला दोर. अशा घोड्याला निराळ्या रीतीने शिकवावे लागते.

ते शिक्षण कसे असते हे मला लहानपणी थोडे पाहायला मिळाले. आमच्या गावी एक वृद्ध मोतद्दार होते. पूर्वी कुठल्याशा संस्थानाच्या पागेत चाकरीला होते. आम्ही त्यांना नुसते आजोबा म्हणत असू. गावातल्या एका टांगेवाल्याने त्यांच्याकडे एक तांबडे शिंगरू शिकवायला आणून बांधले. मी तेव्हा बारा वर्षांचा. वडिलांच्या कीर्तनात टाळ धरायचो आणि उरलेला वेळ आजोबांच्या अंगणात.

पहिले काही दिवस आजोबांनी शिंगराला दोर लावलाच नाही. मऊ सुताची म्होरकी खांद्यावर टाकून ते खरारा करीत बसत. शिंगरू म्होरकी हुंगायचे, ओठांनी चाळवायचे. "तिची त्याला वळख हू दे," ते म्हणत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून ते नेहमी तिरपे, खांद्याकडून, काहीतरी बोलत जवळ जात. मग एक दिवस म्होरकी चढली. एक पदर नाकावर, एक कानामागे, गाठ हनुवटीखाली, आणि आत दोन बोटे जातील इतकी सैल. पदर बारीक असतो, त्यामुळे हाताची लहानशी हालचालही घोड्याला लगेच कळते. चांगल्या हाताची खूण जशी कळते तशी वाईट हाताचीही कळते.

दोर प्रथमच ताणला तेव्हा शिंगराने मान मागे घेतली आणि चारी पाय रोवले. मला वाटले, आता आजोबा ओढणार. त्यांनी ओढले नाही. जेवढा ताण होता तेवढाच ठेवून ते गप्प उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. शिंगराने अंगाचा भार जरासा पुढे टाकला, अजून पाऊलही उचलले नव्हते, तोच आजोबांनी दोर सैल सोडला. मान थोपटली. पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी एक पाऊल पुढे पडले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "घोडं वढल्यानं शिकत न्हाई बाळा, सोडल्यानं शिकतं. त्यानं हो म्हनलं की आपला हात ढिला पडाया पायजे. त्यात उशीर झाला तर त्याला वाटतं, हो म्हनूनबी फास सुटत न्हाई."

पाय फारच रोवले तर ते समोरून ताणत नसत. मान हलकेच एका बाजूला वळवीत. मान वळली की तोल सांभाळायला घोड्याला एक पाय हलवावाच लागतो, आणि पाय हलला की दोर सैल. चालताना ते त्याच्या डाव्या खांद्याशी राहत, ना पुढे ना मागे. आपण थांबलो की त्याने थांबायचे, आपण निघालो की निघायचे. दोर हाताला कधी गुंडाळायचा नाही, पदर घडी करून मुठीत धरायचे. धडा थोडाच वेळ चालायचा आणि शिंगराने काही चांगले केले की तिथेच संपायचा. महिन्याभराने त्यांनी मला अंगणाच्या टोकाला टाळ वाजवायला उभे केले. रोज चार पावले जवळ. शेवटी मी त्याच्या कानाशी टाळ वाजवत होतो आणि ते हरभरा खात होते.

मग माझी चूक झाली. आजोबा नसताना मी ऐटीत शिंगरू रस्त्यावर काढले, आणि दोर हाताला गुंडाळला. एक बैलगाडी खडखडत आली, ते बुजले, दोर सर्रकन ओढला गेला आणि तळहाताची साल निघाली. वेदनेने आणि रागाने मी दोराच्या टोकाने त्याच्या तोंडावर मारले. एकदाच मारले. त्यानंतर पंधरा दिवस त्याने मला जवळ येऊ दिले नाही. आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "हाताची साल आठ दिसांत येईल. त्याच्या मनाची किती दिसांत येईल ते त्यालाच इचार."

पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की आजोबांची विद्या फार जुन्या घरची होती. अज्ञातवासात नकुलाने ग्रंथिक नाव घेऊन विराटाच्या घरी घोड्यांचीच सेवा पत्करली. पांडवांतला राजपुत्र मोतद्दार झाला आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. आजच्या तुर्कस्तानात हत्तुसा नावाची जुनी राजधानी होती. तिथल्या उत्खननात मातीच्या पाट्यांवर लिहिलेला अश्वशिक्षणाचा एक ग्रंथ सापडला आहे. तो मितन्नी देशाच्या किक्कुली नावाच्या शिक्षकाचा, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचा. ग्रंथाची भाषा परकी, पण घोड्याच्या फेऱ्यांना त्यात शब्द आहेत ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात आणि वर्तन! इतक्या दूर, इतक्या पूर्वी कोणी घोडा शिकवताना मोजलेल्या या फेऱ्या संस्कृताच्या भावंडभाषेत आहेत. रिंगणात उभे राहून हे आठवले की अंगावर काटा येतो. आणि ग्रीसमधला झेनोफोन नावाचा सेनानी सुमारे २३५० वर्षांपूर्वी अश्वविद्येवर लिहून गेला. घोड्याला पुढून ओढत नेऊ नये, मागूनही हाकू नये, बाजूने न्यावे, आणि रागाच्या भरात त्याच्याजवळ कधीही जाऊ नये, असे तो बजावतो. आमच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. झेनोफोनचे नावही त्यांनी ऐकले नव्हते. पण घोडा दोघांचा एकच गुरू असल्यामुळे धडाही एकच निघाला.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी. या रूपकावर मी किती निरूपणे केली असतील! दरवेळी स्वतःला सारथ्याच्या जागी बसवले. घोडे आवरा, लगाम खेचा, असे लोकांना सांगत आलो. एका वारीत मात्र फजिती झाली. तेव्हा मी पस्तिशीचा, अंगावर फेटा-उपरणे, लोक पाया पडत होते. रिंगण संपले, अश्व परत नेत होते. मला त्याला हात लावायचा होता. गर्दी कापत मी मागच्या बाजूने धावलो आणि त्याच्या पाठीवर हात टाकला. अश्व दचकून बाजूला सरला. मोतद्दाराने दोर जराही हिसडला नाही, फक्त त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, काहीतरी पुटपुटला, आणि ते जनावर शांत झाले. शेजारी एक लेकुरवाळी बाई उभी होती. त्या माणसाचा हात आजोबांसारखा नसता तर काय झाले असते, याचा विचार आजही झोप उडवतो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, "महाराज, तुम्हीसुद्धा?"

त्या दिवशी सारथ्याची जागा माझ्याकडून गेली. अश्वाने इतक्या गर्दीत, इतक्या गजरात पाऊल आवरायला शिकले होते. अनेक वर्षे माळ गळ्यात बाळगणारा मी शिकलो नव्हतो. तुळशीची माळ हीच आपली म्होरकी, माउली. ती हलकी आहे आणि तिचा दोर सैल आहे. माउली ती कधी हिसडत नाही. आपण एक पाऊल टाकले की सोडते, म्हणून आपल्याला वाटते की दोर नाहीच.

म्हणून हात जोडून एक मागणे आहे. येत्या वारीत अश्व समोरून येईल तेव्हा वाट द्या. मागून जाऊ नका. त्याच्या शेपटीचे केस ओढू नका, तोंडात प्रसाद कोंबू नका, मोबाईल त्याच्या डोळ्यांसमोर नाचवू नका. प्रस्थानाच्या दिवशी तो महाद्वारातून देवळाच्या आवारात येतो तेव्हा फरशीवर त्याचा पाय घसरू शकतो, तिथे तर दोन पावले मागेच सरा. दर्शन डोळ्यांनी घ्या. अश्व पुढे गेला की खाली वाका. माती कुठे जात नाही, ती आपल्यासाठीच ठेवलेली असते.

आणि कपाळी माती लावून झाली की त्या दोर धरणाऱ्या माणसाकडेही एकदा बघा. त्याच्या तळहाताला घट्टे असतील. त्यालाही एक नमस्कार करा.

रामकृष्णहरी.