वजन कमी करण्याच्या सर्जरीनंतर किचनमध्ये काय हवं?
स्लीव्ह सर्जरीत जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढतात. नंतर दोन घास जास्त झाले तरी उलटी होऊ शकते. म्हणून अंदाज नको, माप हवं.

डिजिटल वजनकाटा: १ ग्रॅमपर्यंत मोजणारा घ्या. रिकामी वाटी ठेवून ‘टेअर’ बटण दाबा, शून्य दिसलं की पदार्थ वाढा.

मिक्सरचं छोटं भांडं: मऊ भात, वरण, शिजवलेला मासा वाटायला. मिक्सर काटे काढत नाही, बारीक तुकडे करतो. रत्नागिरीकरांनो, काटे आधी हाताने काढा.

गाळणी: कुळथाच्या पिठीतल्या गुठळ्या काढायला.

फोनचा टायमर: जेवण २०-३० मिनिटं पुरवा, पाणी त्यानंतर अर्ध्या तासाने.

एअर फ्रायरची घाई नको. काय, किती आणि कधीपासून खायचं, ते डॉक्टर आणि डाएटिशियनलाच विचारा.